सूचना : दवाखान्यात आक्रमक होणाऱ्या रुग्णांबाबत

सर्व फॅमिली डॉक्टर सभासदांना नमस्कार.

शिवीगाळ करणारा किंवा अंगावर येणारा रुग्ण आला की ‘पुन्हा इथे पाऊल टाकू नका’ असे बजावून मोकळे होण्याआधी कृपया कारण शोधा. ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली असेल, तर तो चिडखोर, बेभान होऊ शकतो. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, थरथर आणि आक्रमकता दिसते. त्याला घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. म्हाताऱ्या माणसाचे वागणे एकाएकी बदलले, तर संसर्गाचा विचार आधी करा.

याचा अर्थ मार खात उपचार करा, असा मुळीच नाही. तपासणीच्या खोलीत दाराकडची बाजू आपल्याकडे ठेवा, एकटे राहू नका. रिसेप्शनवरच्या ताईंना ११२ कधी लावायचा हे आधीच सांगून ठेवा, कारण पहिला तडाखा बहुधा त्यांनाच बसतो. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, परिचारिका किंवा इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे : ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड. धमकावणे आणि कामात अडथळा आणणेही त्यात येते. घडलेला प्रसंग वेळेसह केसपेपरवर लिहा.

तातडीचे उपचार मात्र नाकारू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केले आहे. इतर वेळी रुग्ण दुसरीकडे पाठवायचा असल्यास चिठ्ठीत औषधे आणि वागण्याची नोंद दोन्ही द्या. मानसिक त्रासाची शंका असल्यास नातेवाइकांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

– सचिव