रेडिओ आकाश सर्वेक्षण : रविवारच्या अभ्यासवर्गाची सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाच्या आवारात आपल्या मंडळाचा अभ्यासवर्ग भरेल. खोडद (पुणे जिल्हा) येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या साहाय्याने 150 मेगाहर्ट्झवर झालेल्या आणि आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग व्यापणाऱ्या टीजीएसएस (टीआयएफआर जीएमआरटी स्काय सर्व्हे) या रेडिओ आकाश सर्वेक्षणाच्या प्रतिमा आपण स्वतः तपासणार आहोत. पावसाळ्यात आपल्या दुर्बिणी बंद असताना हे काम विशेष मोलाचे आहे.

• लॅपटॉप आणावा. प्रतिमा आदल्या रात्रीच उतरवून घ्याव्यात.
• शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे नाव नोंदवावे.
• वेगळा वाटणारा कोणताही रेडिओ स्रोत (रेडिओ लहरी सोडणारी आकाशातील वस्तू) दुसऱ्या सभासदाने पडताळल्याशिवाय शोध म्हणून जाहीर करू नये. हा नियम कटाक्षाने पाळावा.

— चिटणीस