कुस्तीत राजकारण विनेशने आणले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हरियाणाची कुस्तीगीर आणि आमदार विनेश फोगाटने निवृत्ती मागे घेऊन २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची तयारी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून तिच्यावर टीकेचा भडिमार सुरू आहे. ‘आमदारकी मिळाली, आता कुस्ती कशाला?’ असे काही जण विचारतात. ‘शेवटी राजकारणच करायचे होते, मग २०२३ मध्ये कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसायचे कशाला?’ असेही काहींचे म्हणणे आहे. मी सांगली जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते आणि शाळेच्या मुलींना कुस्तीच्या स्पर्धांना घेऊन जात असे. हा दुसरा प्रश्न मला फार लागला, म्हणून लिहिते आहे.

खेळाडूने राजकारणापासून लांब राहावे, हा उपदेश फक्त खेळाडूलाच का? २०१२ पासून २०२३ पर्यंत भारतीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष होते ब्रिजभूषण शरण सिंह. ते सहा वेळा खासदार झालेले. तेव्हा कुस्तीत राजकारण शिरले, अशी ओरड कोणी केली नाही. त्यांच्यावर महिला कुस्तीगिरांनी लैंगिक छळाचे आरोप केले. ब्रिजभूषण यांनी ते नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचे प्रकरण न्यायालयाने २०२५ मध्ये बंद केले, पण इतर कुस्तीगिरांच्या तक्रारींवरून मे २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले. निकाल न्यायालय देईल. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे: मुलींनी तक्रार करायची तर कोणाकडे? महासंघात कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती नव्हती, म्हणून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २०२३ मध्ये नोटीस काढावी लागली. दारे बंद असली की माणूस रस्त्यावर येतो. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाकडे निघालेल्या या मुलींना पोलिसांनी फरफटत नेले, ते सगळ्या देशाने पाहिले.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला महासंघाची निवडणूक झाली. एका बाजूला ब्रिजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह, दुसऱ्या बाजूला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या अनिता श्योराण. निकाल ४० विरुद्ध ७. स्वतः मॅटवर घाम गाळलेल्या बाईला सात मते! आंदोलनातल्या ऑलिम्पिक पदकविजेत्या साक्षी मलिकने त्याच दिवशी बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. विनेशने खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार परत केले. संघटनेचा मार्ग असा बंद झाल्यावर विधानसभेचा मार्ग धरला, तर त्यात ढोंग कुठले?

तिची कारकीर्दही लोक विसरतात. राष्ट्रकुलमध्ये २०१४, २०१८ आणि २०२२ अशी लागोपाठ तीन सुवर्णे, तीही तीन वेगवेगळ्या वजनगटांत. जागतिक स्पर्धेत दोन कांस्ये. २०१८ ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. (याच जकार्तात १९६२ साली आमच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी सुवर्ण घेतले होते. सांगलीकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा गेला आणि स्ट्रेचरवरून तिला बाहेर न्यावे लागले. २०२३ ला दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली.

आणि मग पॅरिस ऑलिम्पिक. ६ ऑगस्ट २०२४ ला पहिल्याच फेरीत समोर जपानची युई सुसाकी, जिला तोवर एकाही परदेशी मल्लाने हरवले नव्हते. शेवटचे काही सेकंद उरले तरी विनेश ०-२ ने मागे होती. तिथून तिने ताबा घेतला आणि कुस्ती ३-२ ने मारली. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून अपात्र ठरली.

‘शंभर ग्रॅम सांभाळता आले नाहीत?’ असे सोफ्यावर बसून म्हणणे सोपे आहे. मी जिल्हा स्पर्धेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुली पाहिल्या आहेत. रात्री जेवायचे नाही, पाण्याचा घोट नाही, पहाटे दोन स्वेटर आणि वर प्लॅस्टिकचे जाकीट घालून मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि थुंकून थुंकून तोंड कोरडे करायचे. काट्यावर उभे राहताना त्यांचे पाय थरथरतात. विनेश मुळात ५३ किलोत खेळायची. त्या गटाची ऑलिम्पिकची जागा तरुण कुस्तीगीर अंतिम पंघाल हिने मिळवल्यावर ती ५० मध्ये उतरली. पहिल्या दिवशीच्या कुस्त्या आणि खाण्यापिण्यानंतर वजन पावणेतीन किलोंच्या आसपास वाढले, ते रात्रभर उतरवले, केससुद्धा कापले. तरी शंभर ग्रॅम राहिलेच.

महिन्याभरात ती काँग्रेसमध्ये गेली आणि ऑक्टोबरमध्ये हरियाणा विधानसभेवर सासरच्या जुलाना मतदारसंघातून ६,०१५ मतांनी निवडून आली. राज्यात पक्ष हरला, ती जिंकली.

ती टीकेच्या पलीकडे आहे, असे मी म्हणत नाही. २०२३ च्या आशियाई स्पर्धेसाठी तिला आणि आंदोलनातला सहकारी कुस्तीगीर बजरंग पुनियाला निवड चाचणीतून सूट दिली गेली, ती त्यांनी घ्यायला नको होती. अंतिमसारख्या मुलीला त्यासाठी कोर्टात जावे लागले. चाचणी सगळ्यांना सारखीच हवी. आमदार म्हणून जुलान्याच्या पाणी-रस्त्यांचा हिशेबही तिने द्यायलाच हवा, आणि सराव शिबिरात राहून मतदारसंघ कसा सांभाळणार हे मतदारांनी जरूर विचारावे. हे प्रश्न रास्त आहेत. पण ‘राजकारणात आली म्हणजे आंदोलन खोटे’ हा तर्क मला मान्य नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे शरद पवारांकडे होते. २०२२ ला ती परिषद बरखास्त झाली आणि दुसऱ्या गटाचे अध्यक्ष झाले तेव्हाचे वर्ध्याचे खासदार रामदास तडस. तडस स्वतः विदर्भ केसरी, म्हणजे मातीतला माणूस, हे मान्यच. पण या दोन गटांच्या ओढाताणीत २०२३ च्या नोव्हेंबरात एक महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली आणि दुसरी पुण्याजवळच्या फुलगावला. वर्षभर खुराक आणि मेहनत करणाऱ्या पोरांनी कोणती गदा खरी मानायची? त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तेव्हापासून गावोगावच्या तालमीत मुली येत आहेत. त्यांच्याबरोबर स्पर्धेला जाणारे प्रशिक्षक बहुतेक पुरुषच असतात. मुक्कामाला, वजनाला, कपडे बदलायला बाईमाणूस सोबत असेलच असे नाही.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत महिला आणि नामवंत खेळाडू घेणे बंधनकारक केले आहे. माझी आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की राज्यातील प्रमुख क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांची यादी छापावी. त्यात आजी-माजी आमदार-खासदार किती, खेळाडू किती, महिला किती हे द्यावे. मुलीने तक्रार कोणाकडे करायची, त्या समितीचे नाव आणि फोन नंबरही द्यावा. समिती नसेल तिथे ‘नाही’ असे स्पष्ट छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, पलूस (जि. सांगली)