मुंजीच्या फोटोतला बंब

पुणे
फेब्रुवारी, रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढा महागाचा फोन देऊन गेलीस, पण इथं गावभागात फोटो काढण्यासारखं आहे काय? गणपतीचं देऊळ झालं, आयर्विन पूल झाला, संपली सांगली." तेव्हा मी काही बोलले नाही, कारण तुमची बातम्यांची वेळ झाली होती. शिवाय जन्मभर अडत दुकानात दिवाणजी म्हणून बसलेल्या माणसाला तोंडी सांगून पटत नाही, कागदावर मांडून दाखवावं लागतं. म्हणून हे पत्र.

तर पहिलं म्हणजे देऊळ आणि पूल काढूच नका. पूल १९२९ पासून उभा आहे, त्याच्या मागे मावळणारा सूर्य अख्ख्या गावाने काढून झालाय. तुम्ही काढलात तरी तो तसाच येणार. त्यापेक्षा मला आपल्या स्वयंपाकघराच्या फळीचा फोटो हवा आहे. हसू नका, कारण सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमधलं पुराचं पाणी ओसरल्यावर खालच्या खोलीतली ट्रंक उघडली होती, आठवतं? अल्बमची पानं एकमेकांना धरून बसली होती. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला घट्ट चिकटतो. म्हणून ते वाळायच्या आत स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक सुटा करावा लागतो. आपण परातींत, घमेल्यात, आईच्या पुरणाच्या पातेल्यातसुद्धा फोटो भिजत घातले आणि माडीवर दोरी बांधून चिमट्यांनी वाळत लावले. निम्म्यांचे चेहरे गेले. जे वाचले त्यांत होतं काय? लग्नं, मुंजी, बारशी आणि महाबळेश्वर.

पण आपण बघत काय होतो? दादाच्या मुंजीचा फोटो हातात आला तेव्हा बटूकडे कोणीच बघितलं नाही. आई एकदम म्हणाली, "अगं, हा बंब!" डाव्या कडेला अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब अर्धा आला होता. त्याची तोटी गळायची म्हणून खाली ॲल्युमिनियमचं भांडं असायचं, तेही दिसत होतं. मग त्या बंबावरून न्हाणीघर, न्हाणीघरावरून आजी, आणि आजीवरून तुमचं दोघांचं जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत. आत्याच्या लग्नातल्या फोटोतही तेच. नवरा-नवरी राहिले बाजूला, आपण मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि खुंटीवरची आजोबांची टोपी बघत बसलो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे आहे. ज्याच्यासाठी आपण पुन्हा पुन्हा फोटो बघतो ते नेहमी कडेला चुकून आलेलं असतं. बंबाचा म्हणून बंब कोणी काढलाच नाही. मुंज झाली नसती तर तोही नसता आला.

यात तुमची चूक नव्हती. तुमच्या त्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० चा फिल्मचा रोल बसायचा आणि त्यात चौकोनी बारा फोटो यायचे. रोलचे पैसे, धुवायचे पैसे, छापायचे वेगळे. बारात अख्खं कार्य बसवायचं म्हटल्यावर बंबाला कोण विचारणार? आता रोल संपायची भीती राहिली नाही, तुमची राखून ठेवायची सवय मात्र तशीच आहे. फोन हातात घेऊन तुम्ही अजून कार्याची वाट बघत बसता!

आणि घरातले फोटो म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं, असं मनात असेल तर तेही काढून टाका. जगातला जो सगळ्यात जुना फोटो आज शिल्लक आहे, तो फ्रान्समधल्या नीसेफोर निएप्स नावाच्या माणसाने १८२६-२७ च्या सुमारास काढला. कशाचा? स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा. धातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन तो पत्रा त्याने निदान आठ तास तरी उजेडात ठेवला असणार, कारण फोटोत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. सकाळचंही आणि संध्याकाळचंही, एकाच फोटोत. पुढे १८३५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात टॅलबट नावाच्या गृहस्थाने कागदावर निगेटिव्ह उतरवली, तीही स्वतःच्या घरातल्या खिडकीचीच. टपालाच्या तिकिटाएवढी असेल, पण भिंग लावलं तर खिडकीच्या काचांचे दोनशेच्या आसपास तुकडे मोजता येत होते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे या विद्येची सुरुवातच घराच्या खिडकीशी झाली.

तुमच्या वयाचं उदाहरण हवं असेल तर आंद्रे केर्तेस घ्या. जन्माने हंगेरीचा, पण उतारवयात न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीत राहायचा. घराच्या सज्जातून खालच्या चौकातली माणसं, झाडं, बर्फातल्या पाऊलवाटा तो वर्षानुवर्षं टिपत राहिला. १९७७ साली बायको गेली. त्यानंतर पोलरॉइड कॅमेरा घेऊन, म्हणजे ज्यातून फोटो लगेच बाहेर येतो तो, त्याने खिडकीत ठेवलेल्या काचेच्या छोट्या वस्तूंचे फोटो काढले. तेव्हा तो ऐंशी ओलांडून गेला होता. तुम्ही तर अजून पंचाहत्तरसुद्धा नाही.

आता आपली उत्तरेची खिडकी. फोटोच्या पुस्तकांत लिहितात की उत्तरेच्या खिडकीत ऊन कधी येत नाही, दिवसभर सारखा मऊ उजेड असतो, म्हणून माणसांचे फोटो तिथे काढावेत. हे युरोपातल्या लोकांनी लिहिलंय. आपली सांगली सतराव्या अक्षांशाच्या जरा खाली. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो भर दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेलाच असतो. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तर तो चांगलाच उत्तरेकडून डोकावतो. आई दर मे महिन्यात विचारते ना, "या खिडकीतून ऊन कुठून आलं?" ते तिथून. आत्ता फेब्रुवारीत मात्र ती खिडकी पुस्तकाप्रमाणे वागते. तेव्हा दोन महिने आईला तिथे बसवून फोटो काढा आणि मेमध्ये तिथलीच कपबशी, औषधाच्या बाटल्या, त्यांच्या लांब सावल्या काढा.

आई म्हणेल, "मला नको फोटोत." तर मग तिला फोन द्या! खरं सांगू का बाबा, नजर तिच्याकडे आहे. दारातली रांगोळी कुठे संपवायची हे तिला कोणी शिकवलं नाही. आई, सकाळी जाळीतून ऊन येतं तेव्हा तू ओट्याच्या अलीकडे उभी राहा, म्हणजे उजेड भांड्याच्या मागून येईल. वाफ समोरच्या उजेडात दिसत नाही. मागून ऊन आणि त्याच्या पलीकडे काळोख असला की ती दिसते. चहाची, भाताची, कशाचीही. पसारा आवरून फोटो काढू नकोस, पसाराच हवाय. हिंगाची डबी, पंचपाळं, खुंटीला लावलेलं रेशनकार्डाचं पाकीट, सगळं.

बाबा, तुमच्यासाठी खरं ठिकाण मार्केट यार्ड. हळदीच्या सौद्यांचा हंगाम आता तोंडावर आलाय. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात ढिगाचे फोटो आले होते. नुसता पिवळा ढीग. त्यात सांगली कुठे होती? हळकुंड आणि गड्डा, म्हणजे मधला जाड कंद, वेगळा कसा ओळखायचा हे त्या फोटोग्राफरला ठाऊक नसणार. तुम्हाला आहे. घेणारा ढिगातून एक हळकुंड उचलतो, दोन बोटांत धरून मोडतो आणि आतला रंग बघतो. तो क्षण जेमतेम डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो. कधी येणार हे बाहेरच्याला कळत नाही, पण तुम्हाला त्या माणसाच्या खांद्यावरूनच कळेल. हमालांच्या भुवयांवर बसलेली धूळ काढा, पाठीवरचा पोत्याचा वळ काढा. मात्र आधी विचारा. जुने लोक तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, पण नवीन पोरांना विचारल्याशिवाय फोन समोर धरायचा नाही.

हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या त्या जमिनीखालच्या कोठारांचं, मला अजून वाईट वाटतं. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही, आधी कंदील सोडून हवा बघायची, हे सगळं मी तुमच्याच तोंडून ऐकलं. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच गेली. तुमचं निम्मं आयुष्य त्या पेवांच्या तोंडाशी गेलं आणि आपल्या घरात एकाही पेवाचा फोटो नाही! महाबळेश्वरच्या पॉइंटांचे मात्र भरपूर आहेत. रिक्षा करून हरिपूरला जाऊन या. आता तिथे काय उरलंय ते काढा. नुसती बुजलेली जागा असली तरी काढा आणि मला फोनवर सांगा की इथे काय होतं.

पावसाळ्यात पुलापाशी पाण्याची पातळी बघायला तुम्ही जाताच. इशारा चाळीस फुटांवर, धोका पंचेचाळीसवर, हे आपल्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांआधी येतं. तर जाल तेव्हा दर वेळी एकाच जागी उभं राहून एकच फोटो काढा. जागा बदलायची नाही. कोरड्या नदीचाही काढा, कारण पूर आला की सगळेच काढतात.

हात थरथरतो म्हणून तुम्ही टाळता, ते मला माहीत आहे. कोपर खिडकीच्या कठड्यावर टेका. पडद्यावर बोट मारण्याऐवजी आवाजाचं बटण दाबा, त्यानेही फोटो निघतो. जे हवंय त्यावर बोट ठेवलं की शेजारी छोटा सूर्य दिसतो. तो जरा खाली ओढला की भगभगीत ऊन आवाक्यात येतं. चिमटीने मोठं करू नका, दोन पावलं पुढे जा. आणि काच धोतराच्या टोकाने रोज पुसा, निम्मे फोटो बोटांच्या तेलाने धुरकट येतात.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर बारीक होऊन येतात आणि छापता येत नाहीत. मी इथे छापून आणीन. मागे तारीख आणि जागा तुम्हीच लिहायची, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात.

दादाला सांगू नका, त्याला वाटेल मी तुम्हाला कामाला लावलंय.

तुमची,
छोटी

ता. क. स्टुलावर चढून फोटो काढायचा नाही. गच्चीच्या कठड्याला पाठ लावून मागे सरकायचंही नाही. आई, लक्ष ठेव.