परदेशात जन्मलेल्या नातवंडांची नोंद आणि एका वर्षाची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतले एक स्नेही पेढे घेऊन आले. मुलगा-सून तीन वर्षांपासून जर्मनीत, नातू सात महिन्यांचा. पेढा तोंडात घालण्याआधी मी विचारले, "आपल्या वकिलातीत जन्माची नोंद केली का?" ते गोंधळले. "तिकडचा दाखला आहे की. आणि आई-बाप दोघं भारतीय, म्हणजे पोरगं भारतीयच ना, भाऊसाहेब?" मी त्यांना बसवून घेतले. जे त्यांना सांगितले तेच इथे लिहितो आहे, कारण ज्यांची मुले परदेशात आहेत अशी घरे आता प्रत्येक आळीत आहेत.

मी वाईचा. नगरपरिषदेत 31 वर्षे नोकरी केली, त्यातली 19 वर्षे जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. जन्म झाल्यापासून 21 दिवसांत नोंद करायची, त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठांची परवानगी आणि प्रतिज्ञापत्र, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. 1969 च्या कायद्यातल्या माझ्या नोकरीच्या काळातल्या या पायऱ्या मला झोपेतही म्हणता येतात. उशिरा आलेल्या बापाला मी कधी हाकलून दिले नाही. उसाच्या फडातून धुळीच्या पायांनी थेट आलेली माणसे असत. नोंद राहिली तरी ते मूल या देशाचेच आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, माझ्याही नव्हती.

याच कायद्यात कलम 20 आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद झालेली नसेल आणि आई-वडील भारतात कायमचे राहायला परत आले, तर मूल भारतात पोचल्यापासून 60 दिवसांत इथल्या निबंधकाकडे नोंद करता येते. आखातातून परतलेल्या दोन-तीन कुटुंबांची अशी नोंद मी स्वतः केली आहे. त्या कलमाचा मला अभिमान होता आणि तोच मला नडला.

माझा मुलगा आणि सून नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला गेले. 9 ऑक्टोबर 2020 रोजी तिथे माझी नात जन्मली. करोनाचे दिवस होते. भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च 2020 पासून बंद होती, ती थेट मार्च 2022 अखेर सुरू झाली; मधल्या काळात ठराविक देशांशी ठरवून मोजकी विमाने उडत होती. 2021 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने भारताला प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांच्या लाल यादीत टाकले. येणे-जाणे होणारच नव्हते, म्हणून बाळाच्या पासपोर्टची घाई कोणी केली नाही. मुलाने एकदा फोनवर विचारले, "बाबा, इथल्या आपल्या कचेरीत नोंद करायची असते म्हणतात, करू का आत्ता?" मी म्हणालो, "बाहेर एवढी साथ चालू आहे, बाळाला घेऊन कुठे हिंडतोस? इकडे आलात की 60 दिवसांत मी नोंद करून देतो." माझे हे वाक्य मला आजही जसेच्या तसे ऐकू येते.

माझी चूक दुहेरी होती. एक तर कलम 20 कायमचे परतणाऱ्यांसाठी आहे, दिवाळीला येणाऱ्यांसाठी नाही. दुसरी चूक मोठी. जन्मनोंदणीचा कायदा माणूस कधी आणि कुठे जन्मला एवढेच सांगतो, तो कोणत्या देशाचा हे सांगत नाही. ते 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतो आणि त्याचे कलम 4 मी आयुष्यात उघडून पाहिले नव्हते. त्यात 3 डिसेंबर 2004 पासून अशी अट आहे की, त्या तारखेला किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाचा जन्म भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवला गेला नाही, तर ते मूल भारताचे नागरिक होत नाही. आई-वडील दोघेही भारतीय असले तरीही. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारच्या परवानगीनेच नोंद होते. नोंद करताना मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांनी लिहून द्यावे लागते. त्या अर्जाला 'नमुना 1' म्हणतात. आमच्या टेबलावर जन्माची माहिती ज्या फॉर्मवर येई, त्याचेही नाव नमुना 1. पण एकाने फक्त जन्म कागदावर येतो, दुसऱ्याने मुलाला देश मिळतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये मुलगा-सून बाळाचा पासपोर्ट काढायला गेली तेव्हा वर्ष उलटून महिना झाला होता. आता दिल्लीची परवानगी लागेल असे त्यांना सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा काही दोष नव्हता, कायदाच तसा आहे. "ती इथे जन्मली आहे, मग ब्रिटिश असेल ना?" असे आमच्या घरात सगळ्यांनी विचारून झाले. नाही. 1 जानेवारी 1983 पासून ब्रिटनमध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही; आई-वडिलांपैकी एक जण ब्रिटिश किंवा तिथला कायमचा रहिवासी असावा लागतो. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते ओसीआय कार्डही नाही, कारण ते परदेशी पासपोर्टवर मिळते आणि तिच्याकडे कुठलाच पासपोर्ट नव्हता. तेरा महिन्यांची, नुकती पावले टाकू लागलेली माझी नात त्या दिवशी कुठल्याच देशाची नव्हती.

परवानगी यायला दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांत इथे माझी आई होती, 91 वर्षांची. पणतवंडाचे तोंड पाहिले की सोन्याची फुले उधळायची ही आपली रीत. ती पणतूसाठी म्हणतात, आमच्या आईने आधीच बजावून ठेवले होते, "पोरगी असली तरी फुलं हवीत हो मला." पाच फुले करून आणली होती, करंगळीच्या नखाएवढी. आई रोज दुपारी ती डबी उघडून मोजायची. व्हिडिओवर पणतीला पाहायची आणि फोन ठेवला की विचारायची, "कधी येणार म्हणे?" 2022 च्या श्रावणात ती गेली. परवानगीचा निरोप सप्टेंबरात आला. मुलगा आजीच्या दिवसांनाही आला नाही, बायको आणि कागद नसलेले लेकरू तिथे टाकून येण्याचा धीर त्याला झाला नाही. मीही त्याला ये म्हणालो नाही.

हे दुःख आमच्या घरचे, ते कोणावर लादायचे नाही. पण या कायद्याबद्दल मला काही म्हणायचे आहे, आणि ते मी नोंदवहीवर आयुष्य घालवलेला माणूस म्हणून म्हणतो.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा 1998 साली बहारीनला जन्मला. तेव्हा आई किंवा वडील जन्माने भारतीय असले की मूल जन्मतःच भारतीय होते, नोंद नंतर झाली तरी. परदेशात जन्मून वंशाने भारतीय झालेल्या माणसाला मूल झाले, तरच वकिलातीतली नोंद सक्तीची होती. त्याही आधी, 10 डिसेंबर 1992 पूर्वी, फक्त वडिलांकडूनच नागरिकत्व येई, आईकडून येत नसे. तो अन्याय संसदेने दूर केला, म्हणजे हा कायदा सुधारता येतो. 2003 च्या दुरुस्तीने मात्र, पुढच्या वर्षी ती लागू झाल्यापासून, नोंदीला पुराव्याच्या जागेवरून उचलून उगमाच्या जागेवर बसवले. आमच्या एकाच घरात, परदेशात जन्मलेली दोन लेकरे: एक जन्मतः भारतीय, दुसरे अर्ज करून.

आपले नागरिक कोण, याची यादी शासनाला हवी, हे मला पटते. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलेल्याला आपले नागरिकत्व नाही, हेही पटते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचे आई-वडील पहिल्या काही महिन्यांतच तिकडचा पासपोर्ट काढतात, पुढे ओसीआय घेतात. तो त्यांचा निर्णय. (ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असा गावाकडे समज आहे. ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.) पण तिथेही 20 जानेवारी 2025 रोजी राष्ट्राध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला आणि तो न्यायालयात गेला, तेव्हा एच-1बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांची झोप उडाली होती. दुसऱ्या देशाचे दार असे कधीही हलू शकते. त्या वेळी मुलाला स्वतःचे दार उघडे हवे.

ज्या मुलाचे आई-वडील भारतीय आहेत आणि ज्याला दुसरे कुठलेच नागरिकत्व नाही, ते जन्मापासून भारतीय मानावे आणि वकिलातीतली नोंद हा त्याचा पुरावा असावा. एवढे होईपर्यंत निदान उशिराच्या नोंदीची परवानगी वकिलातीतल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याला देऊ द्यावी. आमच्याकडे जन्मनोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर वर्ष उलटलेल्या नोंदीचा आदेश उपविभागीय दंडाधिकारीही देऊ शकतात; वाईच्या बापाला दिल्ली गाठावी लागत नाही. बाहेर जन्मलेल्या लेकरालाही अशी मधली पायरी का नसावी?

काही जण मुद्दाम नोंद करत नाहीत, हेही मला कळले आहे. 2017 साली लंडनच्या उच्च न्यायालयाने, भारतीय आई-वडिलांचे तिथे जन्मलेले, नोंद न झालेले मूल राष्ट्रहीन ठरते आणि पाच वर्षे तिथे राहिल्यावर त्याला ब्रिटिश म्हणून नोंदणी मागता येते, असा निकाल दिला. 2022 मध्ये ब्रिटनने कायदा बदलून, आई-वडिलांचे नागरिकत्व सहज मिळू शकणाऱ्या मुलांसाठी ती वाट अरुंद केली. त्या आशेने जे पालक लेकराला पाच-पाच वर्षे बिनदेशाचे ठेवतात, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की असे करू नका. त्या पाच वर्षांत इथे कोणाचे तरी डोळे मिटतात.

आता टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. तिथे मराठीत एक फलक लावावा: परदेशात मूल झाले तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा. पोरे वाचणार नाहीत कदाचित, पण आजी-आजोबा वाचतील आणि फोनवर विचारतील. आपल्या वृत्तपत्रानेही हे एक वाक्य अधूनमधून छापावे, ही विनंती.

नात डिसेंबर 2022 मध्ये आली तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. तिने डबी उघडली, फुले जमिनीवर ओतली आणि एक-एक करून पुन्हा आत ठेवली. पेढे घेऊन आलेल्या स्नेह्यांचा काल फोन आला, त्यांच्या मुलाला वकिलातीत येत्या 14 तारखेची वेळ मिळाली आहे.

आपला,
निवृत्त जन्म-मृत्यू नोंदणी लिपिक, वाई, जि. सातारा