पेटी खाली काढून ठेवा

परळ, मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई "जेवलीस का?" विचारते. म्हणून लिहितेय. जेवले. वरणभात आणि तुझं लिंबाचं लोणचं.

मी राजीनामा दिलाय. नोटिशीचा महिना या शनिवारी संपतो.

लगेच घाबरू नका. भांडण नाही, माझ्या हातून कुणाचं काही बिघडलेलं नाही. सहा महिन्यांचे घराचे हप्ते बाजूला आहेत. डॉक्टरकीही सोडत नाहीये. तीन महिने थांबेन, मग फक्त दिवसाच्या छोट्या केसेस. रात्रीचे कॉल बंद. (एवढं शिकून छोट्या केसेस, असं बाबा मनात म्हणतील. म्हणू देत.)

खरं ते सांगते. मार्चमध्ये पहाटे चारला अपेंडिक्सचं दुर्बिणीतून ऑपरेशन चालू होतं, भूल माझी होती. मी आदल्या सकाळी आठपासून उभी. पेशंटचा ऑक्सिजन कमी व्हायला लागला की आमच्या मॉनिटरचा आवाज खालच्या सुरात जातो. बाबा, पेटीवर तुमचं बोट चुकून कोमल गंधारावर पडलं तर मी माजघरातून ओरडायचे, आठवतं? तीच मी. सूर उतरत होता, मला ऐकू येत होता, आणि मी नुसती ऐकत बसले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सॅच्युरेशन." टेबल डोक्याकडून खाली केल्यावर श्वासाची नळी आत सरकली होती, एकाच फुफ्फुसात हवा जात होती. दोन सेंटिमीटर मागे घेतली, सूर वर आला. तो मुलगा तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. मला घाम फुटला नाही, हात कापले नाहीत, काहीच वाटलं नाही. नंतर भीती वाटली ती याचीच.

याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणते: गळून जाणं, कामाचा तिटकारा, आपल्या हातून नीट होत नाही असं वाटणं. तेव्हा आई, दृष्ट काढायची तर काढ, पण आत्याला फोन करू नकोस. मागच्या वेळचं पुरे झालं.

तू न्हाणीघरात पडलीस तेव्हाही मी ऑपरेशन थिएटरमध्येच होते. तीन तासांनी फोन बघितला. ते मी विसरलेले नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून तर जास्त लागतं.

आता ऐका. न्हाणीच्या दारातलं ते गोणपाट आजच्या आज काढा. बाबा, साखरेचा आकडा पाठवायचा, "ठीक आहे" हा आकडा नाही. आंबे बंद म्हणत नाही, एक फोड.

रविवारी मांडवीने चिपळूणला येते. स्टेशनवर येऊ नका, रिक्षा मिळते. पहिले दोन दिवस मला उठवू नका. आणि माळ्यावरची पेटी खाली काढून ठेवा. तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. भात्यात झुरळं झाली असतील.

तुमची
ठकी