दिवाणखान्यातल्या संगणकाला कीबोर्ड कशाला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टीव्हीला जोडलेल्या संगणकावरून विंडोज काढून टाकावी आणि केवळ खेळांसाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम घालावी का, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर वाचला. त्यात जवळजवळ सगळा भर वेगावर, म्हणजे कोणत्या सिस्टीमवर दर सेकंदाला किती फ्रेम (पडद्यावरची चित्रे) जास्त मिळतात यावर होता. गेले काही महिने मी घरचा संगणक अशाच एका सिस्टीमवर चालवत आहे आणि माझ्या अनुभवाने हा प्रश्न मुळात वेगाचा नाहीच. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात फक्त कंट्रोलर असेल, तर संगणक सुरू करण्यापासून तो झोपवण्यापर्यंतची सगळी कामे त्याला जागचे न उठता करता येतात की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

विंडोज ही टेबल-खुर्चीवर बसून वापरण्यासाठी घडवलेली सिस्टीम आहे. आमच्याकडे ती टीव्हीवर चालत असे तेव्हाचा एक नेहमीचा प्रसंग सांगतो. खेळ रंगात आलेला असताना मागे कुठलीशी सूचनेची खिडकी उघडायची, पडद्याचा ताबा तिच्याकडे जायचा आणि हातातला कंट्रोलर एकाएकी मुका व्हायचा. मग कीबोर्डचा शोध सुरू होई. तो सोफ्याच्या उशीखाली सापडला की त्याची बॅटरी संपलेली असे, आणि माउस चालवायला सपाट जागा नसल्याने तो कुणाच्या तरी वहीच्या पुठ्ठ्यावर फिरवावा लागे. तीन मीटरवरून ती खिडकी बंद करण्याची बारीक फुली अचूक गाठणे हा एक स्वतंत्र खेळच होता म्हणा ना! विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता, म्हणून एरवी टाळत आलेला निर्णय घेणे भाग पडले.

या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव म्हणजे वाल्व्ह कंपनीची स्टीमओएस. तिची पहिली आवृत्ती २०१३ साली आली आणि तिच्या जोरावर २०१५ मध्ये निरनिराळ्या उत्पादकांची ‘स्टीम मशिन’ नावाची यंत्रेही बाजारात उतरली, पण ती चालली नाहीत. कारण उघड होते : सिस्टीम लिनक्स या विंडोजहून वेगळ्या, मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेली आणि खेळ मात्र बहुतेक सगळे विंडोजसाठी लिहिलेले. ही कोंडी फोडली ती २०१८ साली आलेल्या वाल्व्हच्याच प्रोटॉन या सॉफ्टवेअरने. विंडोजच्या खेळाने डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या आज्ञा प्रोटॉन वल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत तिथल्या तिथे भाषांतरित करून देतो. या दुभाषाच्या बळावरच २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र यशस्वी झाले आणि त्यातली आर्च या लिनक्सच्या एका प्रकारावर उभारलेली नवी स्टीमओएस आपल्या टीव्हीच्या संगणकावरही हवी, असे लोकांना वाटू लागले. मी स्वतः तिच्याच वळणाची, पण फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर आधारलेली बझाइट ही मोफत सिस्टीम निवडली, कारण ती अधिक प्रकारच्या डेस्कटॉप संगणकांचा विचार करून बनवलेली आहे.

संगणक सुरू केला की थेट टीव्हीच्या आकाराला शोभेल अशा मोठ्या अक्षरांतली खेळांची मांडणी समोर येते. डेस्कटॉप दडलेला असतो, मागितला तरच दिसतो. खेळ मधेच थांबवून जेवायला जायचे असेल तर पॉवरचे बटण एकदा दाबायचे. संगणक झोपतो आणि पुन्हा दाबले की पात्र ज्या पायरीवर उभे होते त्याच पायरीवर सापडते. माझ्या मुलीला हे इतके स्वाभाविक वाटते की पूर्वी आपण प्रत्येक वेळी खेळ जतन करून, बंद करून, मग संगणक बंद करत होतो हे ती विसरूनही गेली आहे.

मला स्वतःला सर्वांत भावली ती अपडेटची पद्धत. सिस्टीमचा गाभा केवळ वाचनीय ठेवलेला असतो, त्यामुळे चुकूनमाकून त्यात ढवळाढवळ होत नाही. नवी आवृत्ती आली की ती चालू सिस्टीमच्या फायलींवर एकेक करून चढवली जात नाही, तर तिची संपूर्ण प्रत बाजूला तयार होते आणि पुढच्या वेळी संगणक त्या प्रतीतून सुरू होतो. जुनी प्रत मात्र तशीच राखलेली असते. एका अपडेटनंतर आमच्या टीव्हीवर आवाज येईना. अशा वेळी मी पूर्वी रविवार घालवला असता. या खेपेस सुरुवातीच्या यादीतून आदल्या दिवशीची प्रत निवडली आणि दोन मिनिटांत आवाज परत आला. ज्याला संगणकाची हौस नाही, फक्त खेळायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा गुण दहा-वीस जास्तीच्या फ्रेमपेक्षा मोलाचा आहे, आणि आपल्या पानावरील चर्चेत त्याचा उल्लेखही नव्हता.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरातल्या कुणाला फोर्टनाइट किंवा व्हॅलोरंट यांसारखे ऑनलाइन खेळ खेळायचे असतील, तर त्यांनी या वाटेला जाऊ नये. असे खेळ फसवेगिरी रोखण्यासाठी जी यंत्रणा वापरतात ती लिनक्सवर एक तर चालत नाही किंवा चालू दिली जात नाही, आणि या दोहोंतला फरक वाचकांनी समजून घ्यावा. व्हॅलोरंटची यंत्रणा विंडोजच्या थेट गाभ्यात शिरून बसते, त्यामुळे प्रोटॉनसारख्या दुभाषाला तिथे काही करता येत नाही. पण ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रचलित यंत्रणांनी २०२१ पासून प्रोटॉनसाठी सोय ठेवलेली आहे. ती सुरू करायची की नाही हे खेळाचा निर्माता ठरवतो. एपेक्स लेजेंड्स या खेळाने ती सुरू केली होती आणि २०२४ मध्ये फसवेगिरीचे कारण देऊन लिनक्सचे दार पुन्हा लावून घेतले. गंमत अशी की ईझी अँटी-चीट ही एपिक कंपनीच्या मालकीची आणि फोर्टनाइटही त्याच कंपनीचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गाभ्यात शिरणारी यंत्रणा वापरणाऱ्या खेळांना ती बाब स्टीम या वाल्व्हच्या ऑनलाइन खेळ-दुकानातल्या विक्रीपानावर जाहीर करणे २०२४ च्या अखेरीपासून बंधनकारक झाले आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

दुसरी अडचण टीव्हीच्या तारेची. आमचा टीव्ही ४के चित्र सेकंदाला १२० वेळा दाखवू शकतो, पण सिस्टीम बदलल्यावर त्या दर्जाला ६० च्या पुढे जाईना. मी केबललाच दोष देत दोन संध्याकाळी आणि दोन केबली खर्ची घातल्या. खरे कारण कळले ते असे की आमच्या टीव्हीच्या या दर्जाला तारेच्या जोडणीचे एचडीएमआय २.१ हे नवे मानक लागते. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एएमडी कंपनीने त्यासाठी मुक्तस्रोत (कुणालाही पाहता येईल असा) लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तयार केला होता, पण ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ च्या सुरुवातीला त्याला परवानगी नाकारली. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय करणारा अडॅप्टर लावून आमचे काम भागले. टीव्ही सुरू करण्यासाठी मात्र अजूनही रिमोट लागतो, कारण साध्या ग्राफिक्स कार्डांना टीव्हीला जागे करण्याची सोय बहुधा नसतेच.

एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांनी थेट टीव्हीवर उघडणाऱ्या गेम मोडकडून, म्हणजे वर सांगितलेल्या मोठ्या अक्षरांतल्या मांडणीकडून, फार अपेक्षा ठेवू नयेत. तो एएमडीच्या कार्डांवर अधिक सुरळीत चालतो. चित्रपट पाहण्याच्या सशुल्क सेवाही लिनक्सच्या ब्राउझरमध्ये पूर्ण ४के दर्जा देत नाहीत, त्यासाठी टीव्हीतले स्वतःचे अ‍ॅप बरे. आणि जुनी डिस्क पुसून टाकण्याऐवजी नवी सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर घालावी, म्हणजे घरातल्या एखाद्याचा आवडता खेळ अडला तर जुनी डिस्क हाताशी राहते. आमच्या घरी ती दोन महिने तशीच होती. आता तिच्यावर फोटो आहेत.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत नव्या खेळांची परीक्षणे नियमित येतात. त्यांत चित्रे, संगीत, कथा यांविषयी पुष्कळ लिहिलेले असते, परंतु तो खेळ लिनक्सवर चालतो का, आणि चालत नसल्यास निर्मात्याने ती सोय नाकारली आहे की ती देणेच शक्य नाही, याविषयी अक्षरही नसते. परीक्षणाच्या अखेरीस तेवढी एक ओळ छापण्याचा आपण विचार करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक