न्हाणीतला पडदा दाखवला की झाली मानवंदना?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हॉरर पिक्चरमधल्या ‘मानवंदनां’वरचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेला नाही म्हणून लिहितोय. लेखकांना जिथं जिथं न्हाणीतला पडदा दिसला, वरून घेतलेला जिन्याचा शॉट दिसला, किंचाळणारी व्हायोलिनं ऐकू आली तिथं तिथं त्यांनी सस्पेन्सचा उस्ताद दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला मानवंदना असं लिहून टाकलंय. दुसऱ्याचा शॉट जसाच्या तसा उचलायचा, कुणी ओळखला तर मानवंदना म्हणायचं, आणि नाही ओळखला तर आपलाच म्हणून खपवायचा, हे कसं चालेल?

मागच्या दिवाळीत माझी भाची परभणीला आली होती. बारावीला आहे, भुताचे पिक्चर म्हणजे जीव की प्राण. म्हटलं चल, तुला हिचकॉकचा १९६० चा ‘सायको’ दाखवतो. मोटेलात उतरलेल्या बाईचा न्हाताना खून होतो तो शॉवरचा सीन आला आणि पोरगी हसायला लागली. “मामा, हे तर मी कितीदा पाहिलंय!” कुठं पाहिलंस तर म्हणे कार्टूनमध्ये, रील्समध्ये, कुठल्या कुठल्या नव्या पिक्चरमध्ये. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. जेमतेम पाऊण मिनिटाच्या त्या खुनासाठी सात दिवस शूटिंग झालं होतं, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. हिचकॉकला तिथं संगीतच नको होतं, तरी संगीतकार बर्नार्ड हरमननं ते लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉकनं आपला हट्ट सोडला. एवढ्या मेहनतीची गोष्ट नकला करकरून अशी गुळगुळीत करून ठेवली की आजच्या लेकरांना तिची भीतीच वाटत नाही. ही मानवंदना झाली का?

पण खरी गंमत पुढं झाली. ते मोटेल चालवणारा पोरगा खुनानंतर सगळी न्हाणी पुसून काढतो, बादली, पोछा, घाई नाही की गडबड नाही, मग गाडीच्या डिकीत प्रेत टाकून ती गाडी दलदलीत ढकलतो. गाडी हळूहळू बुडत जाते आणि थोडी वर असतानाच मधेच थांबते. तो इकडंतिकडं बघतो, चघळायचं थांबतो. माझ्या भाचीनं हातातली चकली तशीच धरली आणि म्हणाली, “अरे बुडू दे की आता!” दहा मिनिटांपूर्वी जिचा खून झाला तिची गाडी बुडावी, पुरावा जावा, असं त्या लेकराला वाटायला लागलं, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं आणि ती गप्पच झाली. हिचकॉकचं खरं काम हे आहे. हे कुणी उचलत नाही, कारण यासाठी प्रेक्षकाला थांबवून ठेवायची छाती लागते. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर लोक पंधरा सेकंद दचकतात, पण तो आहे हे आधीच दाखवलं तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो, हे हिचकॉकनंच फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं आहे. आताच्या पिक्चरमध्ये दर पाच मिनिटाला कानठळ्या बसवणारा आवाज येतो, तेवढं दचकणं म्हणजे सस्पेन्स नाही.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मधला कॅमेरा एका दिशेला आणि झूम उलट दिशेला हा प्रकार स्पीलबर्गनं १९७५ च्या ‘जॉज’ या शार्कच्या पिक्चरमध्ये वापरला, पण तिथं किनाऱ्यावर बसलेल्या त्या पोलीसप्रमुखाच्या काळजात धस्स झालेलं दाखवायला वापरला, म्हणून तो त्याचाही झाला. उलट १९९८ ला ‘सायको’च शॉट टु शॉट रंगीत करून काढला, त्यातून काय हाती लागलं?

आणि एवढ्या मोठ्या लेखात आपल्या माणसांना एक ओळ नाही! राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा, त्यावरून राज खोसलांनी १९६६ ला ‘मेरा साया’ काढला. मराठी पिक्चर पाहून हिंदीवाल्यांनी सस्पेन्स केला ही गोष्ट मराठी पेपरात नाही छापायची तर कुठं छापायची? रामगोपाल वर्माचा १९९९ चा ‘कौन’ बघा, एक घर, बाहेर पाऊस, दारात उभा असलेला एक बडबड्या माणूस आणि आत एकटी बाई, बस एवढंच. दार उघडावं की नाही यावरच माणूस खुर्चीच्या टोकाला येतो. ना पडदा ना व्हायोलिन.

अजून एक, आणि हे राग येऊनच लिहितोय. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात तुमच्या लेखकांनी एका नव्या पिक्चरचा शेवट सरळ सांगून टाकलाय, आधी एका शब्दाची सूचना नाही. ‘सायको’च्या वेळी हिचकॉकनं पिक्चर सुरू झाल्यावर थेटरात कुणाला आत सोडू नका असा नियम घातला होता, शेवट कुणाला सांगू नका अशी लोकांना विनंती केली होती. त्याच माणसाच्या मानवंदनेवर लेख लिहायचा आणि त्यातच दुसऱ्याच्या पिक्चरचा शेवट फोडायचा! भाचीनं मैत्रिणींबरोबर त्याच नव्या पिक्चरची शनिवारची तिकिटं काढून ठेवली होती आणि तिनंच तो लेख मला फोनवर वाचून दाखवला. यापुढं असं काही छापाल तर वर ठळक अक्षरात सूचना टाकत जा, आणि जमलं तर ‘पाठलाग’वर एक नीट लेख येऊ द्या.

आपला,
एक जुना वाचक, परभणी